शून्य पत्त्यावरचा पाहुणा

तो अजून पोर्टात खोचू नका. आधी तळहातावर घ्या.

अंगठ्याच्या नखापेक्षा थोडासा मोठा. वजन जवळजवळ नाहीच. एका टोकाला यूएसबीची चपटी पत्र्याची चौकट, दुसऱ्या टोकाला काळ्या प्लॅस्टिकची टोपी. त्या टोपीत एक चिप आहे आणि सर्किटच्या पट्टीवरच छापलेली तांब्याची एक नागमोडी रेघ आहे. ती रेघ म्हणजे अँटेना. घरभर पसरलेल्या रेडिओलहरींतून आपल्या कामाची तेवढी लहर वेचून घेणारा अवयव तोच. तो तुमच्या हातात आहे आणि या क्षणी पूर्ण निजलेला आहे.

समोर जुना डेस्कटॉप आहे. त्यात लिनक्स आहे, वायफाय नाही. राउटर आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. वायर ओढायची तर दाराच्या उंबऱ्यावरून न्यावी लागते आणि येता-जाता पाय अडकतो, म्हणून हा डोंगल आणला. रात्रीची जेवणं झाली आहेत. कुठे जायचं नाही. अशीच वेळ या कामाला हवी.

मी हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्याकडे अशी वेळ नव्हती, म्हणजे मी ती दिली नव्हती. सापडेल तो आदेश उचलायचा, टर्मिनलमध्ये चिकटवायचा, एंटर दाबायचा. तीन संध्याकाळी अशा गेल्या. कुठून तरी आणलेला एक ड्रायव्हर अखेर बसला, आठवडाभर चालला, आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अद्ययावत झाला त्या दिवशी बंद पडला. का चालला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे का थांबला तेही कळेना. नंतर लक्षात आलं की यंत्राला काही विचारण्याआधीच मी त्याला सांगत सुटलो होतो. म्हणून आज आपण फक्त विचारू आणि ऐकू. उत्तर आल्याखेरीज पुढचं पाऊल टाकायचं नाही.

टर्मिनल उघडा. 'सुडो डीमेसेज' लिहा आणि त्याला डब्ल्यूची खूण जोडा, म्हणजे नवी ओळ उमटली की ती लगेच दिसेल. ही कर्नलची रोजनिशी आहे. जे घडतं ते घडताक्षणी ती नोंदवते, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतच्या वेळेसह. शेवटच्या ओळीखाली आता रिकामी जागा आहे. त्या रिकाम्या जागेकडे थोडा वेळ पाहा.

आता डोंगल खोचा.

तीन-चार ओळी झरकन वर आल्या. त्या वाचण्याआधी, त्या उमटण्यापूर्वीच्या अर्ध्या सेकंदात काय झालं तिकडे मन वळवू. या साध्या पोर्टात चार पट्ट्या असतात. दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. वीज मिळाल्यावर डोंगल पहिली हालचाल करतो ती अगदी लहान: बोलण्याच्या दोन तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रोधामार्फत वर ओढून धरतो. एवढंच. कडी वाजवावी तसं. संगणकाला कळतं की कोणीतरी आलं आहे. कोण, ते अजून कळलेलं नाही. तो लगेच दार उघडत नाही. स्पर्श पक्का होईपर्यंत सुमारे दहावा हिस्सा सेकंद थांबतो, मग तारा खाली धरून पाहुण्याला एकदा कोऱ्या पाटीवर आणतो. आणि त्या क्षणी डोंगलचा पत्ता असतो शून्य.

इथे थांबू या. यूएसबीवर येणारं प्रत्येक यंत्र पहिल्या क्षणी शून्य पत्त्यावरच उभं असतं. माऊस असो, छापयंत्र असो, लाखाचा कॅमेरा असो. सगळ्यांचा पत्ता एकच, म्हणून गोंधळ होऊ नये यासाठी संगणक एका वेळी एकालाच त्या शून्यावर उभं राहू देतो. बाकीच्यांनी थांबायचं. मग त्याला एक ते एकशे सत्तावीस यांतला मोकळा आकडा देतो. सरकारी दवाखान्यात आधी केसपेपर निघतो, दुखतं काय ते नंतर विचारतात, तसंच. आकडा मिळाला की पहिला खरा प्रश्न येतो: तू कोण? डोंगल अठरा बाइटांत उत्तर देतो. अठरा बाइट म्हणजे अठरा इंग्रजी अक्षरांएवढी जागा. तेवढ्यात स्वतःची ओळख.

त्या ओळखीतले दोन आकडे आपल्याला हवे आहेत. दुसऱ्या खिडकीत 'एलएसयूएसबी' लिहा. यादीत एक ओळ नवी दिसेल. माझ्या डोंगलची ओळ म्हणते: ०बीडीए, अपूर्णविराम, ८१७९. डावीकडचा आकडा बनवणाऱ्याचा. ०बीडीए म्हणजे रियलटेक, तैवानमधल्या सिंचू शहरातली १९८७ सालची चिप-कंपनी. उजवीकडचा आकडा चिपेचा. ८१७९ म्हणजे आरटीएल ८१८८ ईयूएस. खोक्यावरचं नाव, त्यावर छापलेला वेग, वेष्टनाचा रंग यांतलं काहीही लिनक्सला दिसत नाही. त्याला हे दोन आकडे दिसतात. एकाच नावाच्या, एकाच मॉडेलच्या खोक्यात एका आवृत्तीत एका कंपनीची चिप आणि पुढच्या आवृत्तीत दुसऱ्या कंपनीची, हे या बाजारात पुष्कळ वेळा झालेलं आहे. म्हणून डोंगल घेताना चिप कोणती हे आधी शोधून काढावं, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

तुमचे आकडे कागदावर लिहून घ्या. पेनाने. हात सावकाश चालतो आणि मन त्याच्याबरोबर राहतं.

कधी यादीत नवी ओळ येतच नाही. मग रोजनिशीत पाहा. उणे ७१ असा आकडा असेल तर बोलणं मध्येच तुटलं आहे. बहुधा पोर्ट सैल असतो, नाहीतर जोडवायर खराब. उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. हे आकडे रागावण्यासारखे नाहीत. आपण नेमके कुठे उभे आहोत ते ते सांगतात, आणि अशा वेळी एवढं कोणी सांगणं ही मोठी गोष्ट आहे. मागच्या बाजूचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरून पाहा.

आणखी एक प्रकार होतो, आणि तो मला फार विचार करायला लावतो. काही डोंगल आल्यावर सांगतात की मी सीडी आहे. ०बीडीए आणि १ए२बी. वायफायचं नावही काढत नाहीत. त्यांच्या पोटात विंडोजच्या ड्रायव्हरची प्रत असते आणि विंडोजच्या माणसाची सोय व्हावी म्हणून आधी ते त्या रूपात उभे राहतात. ड्रायव्हर बसला की मग खरं रूप घेतात. लिनक्सवर या सीडीचं कोणाला काम नसतं, म्हणून ते तसेच अडकून राहतात. यावर उपाय करणारा एक छोटा प्रोग्राम आहे, यूएसबी-मोडस्विच. तो बहुतेक वेळा काय करतो? सीडी बाहेर काढण्याचा साधा आदेश देतो. डोंगल क्षणभर नाहीसा होतो, पुन्हा शून्य पत्त्यावर येतो, पुन्हा ओळख सांगतो, आणि या वेळी आकडे वेगळे असतात. तुमच्या यादीत सीडीसारखं काही अनोळखी दिसत असेल, तर डोंगल बिघडला असं धरू नका. तो तुमच्यासाठी नसलेलं एक रूप घेऊन उभा आहे इतकंच.

आता ओळख पटली. पण ओळख पटणं आणि बोलता येणं वेगळं. आपल्या पोर्टावरचा पाहुणा फक्त रियलटेकची भाषा जाणतो: अमुक जागी अमुक आकडा ठेवा म्हणजे रेडिओ जागा होईल, तमुक जागी तमुक ठेवा म्हणजे वाहिनी बदलेल. अशा शेकडो जागा असतात. ही भाषा जाणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. कर्नलजवळ एक मोठी सारणी असते, हजारो ओळींची. कोणत्या आकड्यांसाठी कोणता ड्रायव्हर बोलवायचा ते तिच्यात लिहिलेलं असतं. ०बीडीए आणि ८१७९ ही जोडी तिथे सापडली की ड्रायव्हर आपोआप हजर होतो. तुम्हाला काही करावं लागत नाही.

ती ओळ तिथे आपोआप आलेली नाही. कोणीतरी बसून लिहिली आहे. आज मला सर्वांत जास्त वेळ इथे थांबायचं आहे.

लॅरी फिंगर नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते. मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिक प्रयोगशाळेत त्यांनी कित्येक वर्षं खनिजांच्या स्फटिकांचा अभ्यास केला. दाब आणि उष्णता वाढली की स्फटिकातल्या अणूंची मांडणी कशी बदलते, यावर रॉबर्ट हेझन यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९८२ साली निघालं. एल साल्वादोरमधल्या इसाल्को ज्वालामुखीच्या वाफाळत्या भेगांमध्ये तांबं आणि व्हॅनेडियम असलेलं एक नवं खनिज सापडलं, त्याला त्यांच्या सन्मानार्थ फिंगराइट हे नाव मिळालं. आपलं नाव एका दगडाला मिळालेला हा माणूस पुढे लिनक्सच्या वायफायकडे वळला. आधी ब्रॉडकॉमच्या चिपा, मग रियलटेकच्या. २०१३ साली आपल्या या ८१८८ ईयूएसचा ड्रायव्हर कर्नलच्या 'स्टेजिंग' विभागात आला, तो त्यांच्या हातून. स्टेजिंग म्हणजे अजून घासूनपुसून व्हायच्या कामांची खोली. कंपनीने लिहिलेला कोड जसाच्या तसा कर्नलच्या शिस्तीत बसत नव्हता. तो उचलून आणायचा, चालता ठेवायचा, आणि ओळीओळीने नीट करायचा, असं ते काम. अनेकांनी त्यात हात घातला. पुढे २०२३ मध्ये, कर्नलच्या ६.३ आवृत्तीत, ही चिप जेस सोरेन्सन यांनी सुरू केलेल्या दुसऱ्या, अधिक नेटक्या ड्रायव्हरमध्ये सामावली आणि स्टेजिंगमधला जुना कोड निवृत्त झाला. फिंगर जून २०२४ मध्ये गेले.

डोळे मिटून एक गोष्ट समोर आणून पाहा. स्फटिकशास्त्रज्ञाला अणू दिसत नाही. तो स्फटिकावर क्ष-किरण सोडतो, ते विखरून जिथे जिथे पडतात ते ठिपके मोजतो, आणि ठिपक्यांवरून आतली मांडणी ओळखतो. ब्रॉडकॉमने आपल्या चिपांची माहिती दिली नव्हती. तेव्हा त्या काळच्या कार्यकर्त्यांनी कंपनीचा ड्रायव्हर चिपेला काय सांगतो आणि चिप काय उत्तर देते ते पाहून आतली रचना शोधली. एका गटाने तिचं वर्णन लिहायचं, दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा, असा दंडक होता. बंद वस्तूवर प्रकाश टाकायचा आणि परत येईल त्यावरून आतलं जाणायचं. प्रयोगशाळेतला माणूस या कामात का रमला असेल, ते मला इथे थोडंसं कळल्यासारखं वाटतं.

आपल्या डेस्कटॉपवरच्या या नखाएवढ्या वस्तूपाशी फिंगर यांचा हात आलेला आहे. ते आपल्याला कधी भेटले नाहीत. त्यांनी आपल्याकडून काही घेतलं नाही. थोडा वेळ या जाणिवेत नुसतं बसा.

डोळे उघडा. रोजनिशी वाचू.

माझ्या संगणकावर पुढची ओळ म्हणत होती की फर्मवेअर चढवता आलं नाही, चूक उणे २. उणे २ म्हणजे 'अशी फाइल नाही'. पूर्वी याच ओळीवरून मी घाईने पुढे गेलो होतो आणि ड्रायव्हर शोधत भटकलो होतो. ड्रायव्हर तर तिथेच होता. मागत होता तो एक फाइल, तीही नाव घेऊन.

फर्मवेअर म्हणजे डोंगलच्या आतल्या लहानशा प्रोसेसरने पाळायची सूचनावली. पैसे वाचावेत म्हणून अशा स्वस्त डोंगलमध्ये ती कायमची ठेवायला जागा नसते. दर वेळी खोचलं की संगणकाने ती फाइल उचलून त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत भरायची. वीज गेली की सगळं पुसलं जातं. रोज सकाळी उठून त्याला आपलं काम नव्याने शिकवावं लागतं, आणि तो पापणी लवायच्या आत ते शिकतो. ही फाइल 'लिब'मधल्या 'फर्मवेअर' फोल्डरात असायला हवी. ती नसण्याचं कारण बहुतेकदा तांत्रिक नसून तत्त्वाचं असतं. कंपनी फाइल वाटू देते, पण तिचं मूळ लिखाण दाखवत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची आण घेतलेल्या डेबियन या लिनक्स-वितरणाने म्हणून अशी फर्मवेअरं कित्येक वर्षं मुख्य भांडारापासून बाजूला ठेवली होती. २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान केलं, आणि २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून ती अधिकृत प्रतिष्ठापनेसोबत येऊ लागली. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. आपल्या यंत्रात काय चालतं ते वाचता यायला हवं, हेही खरं; पहिल्याच दिवशी ज्याचं वायफाय चालत नाही त्याला दारातून परत पाठवू नये, हेही खरं. एक उदाहरण मात्र मनात ठेवण्यासारखं आहे. अथेरॉसच्या एआर ९२७१ या चिपेच्या फर्मवेअरचं मूळ लिखाण २०१३ साली खुलं झालं. सुमारे पन्नास किलोबाइटची ती फाइल आज कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुन्हा घडवू शकतो. ते घडू शकलं, म्हणजे इतरांनाही ते अशक्य नाही.

फाइल आणायची तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठीच तर ही फाइल. इथे जीव कासावीस होतो. फोन काढा. यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडा आणि टेदरिंग सुरू करा. त्याचा दुभाषा कर्नलजवळ आधीपासून असतो आणि त्याला वेगळं फर्मवेअर लागत नाही. फर्मवेअरचं पॅकेज बसवा. माझ्या डेबियनवर त्याचं नाव फर्मवेअर-रियलटेक. पॅकेज बसलं की फोन काढून घ्या. डोंगलही काढा. दहा आकडे मोजा. पुन्हा खोचा.

या वेळी ओळी थांबल्या नाहीत. एक नवं नाव दिसलं: डब्ल्यूएलएक्स, आणि त्याला जोडून बारा अंक-अक्षरं. तो डोंगलला कारखान्यात मिळालेला क्रमांक आहे. कोणत्याही पोर्टात खोचा, नाव तेच राहतं.

'आरएफकिल'ला विचारून पाहा, रेडिओ कोणी बंद तर केलेला नाही. मग 'आयडब्ल्यू'ला देश सांगा, भारत. आपल्याकडे २००५ पासून या लहरींना, २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, परवाना लागत नाही. देश सांगितला की कोणत्या वाहिन्यांवर किती जोराने बोलायचं ते ठरतं.

आणि आता ऐका. आजूबाजूचे राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारत असतात, कोणी ऐको न ऐको. त्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, अर्ध्या वितेहून थोडी जास्त. अशा लहरी आत्ता तुमच्या हातातून, टेबलातून, भिंतीतून जात आहेत. तांब्याच्या त्या नागमोडी रेघेने त्या पकडल्या आणि पडद्यावर नावं उमटली. शेजारच्यांचं, वरच्या मजल्याचं, समोरच्या दुकानाचं. तुमचं नाव त्यात आहे का पाहा. क्षीण असेल तर डोंगल यूएसबी तीनच्या निळ्या पोर्टातून आणि तिथे लावलेल्या डिस्कपासून दूर न्या. त्या वेगवान तारांचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात सांडतो, हे इंटेलने २०१२ साली मोजून दाखवलं आहे. हातभर लांबीची जोडवायर पुरते.

आपलं नाव निवडा. पासवर्ड लिहा. तो हवेतून जात नाही. संगणक तो पासवर्ड आणि राउटरचं नाव एकत्र घेऊन ४,०९६ वेळा घोटतो. जपमाळेच्या हिशेबाने जवळजवळ अडतीस माळा. त्यातून एक किल्ली तयार होते. तशीच किल्ली राउटरजवळ असते. मग चार निरोप जातात-येतात, आणि किल्ली उघड न करता दोघांनाही खात्री पटते की समोरच्याजवळ तीच आहे.

अजून एक पायरी. डोंगल जोडला गेला, पण घराच्या जाळ्यात तो अजून अनामिक आहे. तो सर्वांना उद्देशून एक हाक देतो: कोणी मला पत्ता द्याल का? आणि त्या हाकेवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून जे लिहिलेलं असतं ते असतं शून्य, शून्य, शून्य, शून्य. पोर्टात आला तेव्हा शून्य, घरात आला तेव्हाही शून्य. राउटर एक पत्ता सुचवतो, डोंगल तोच मागतो, राउटर हो म्हणतो. १९२.१६८.१.७.

आता राउटरला एक हाक द्या, पिंग. उत्तर आलं, ३ मिलिसेकंद. पुन्हा, ३. मग ११, कोणी मध्ये आलं असेल, किंवा शेजारच्यांचं बोलणं चाललं असेल. पुन्हा ३. काही उघडू नका अजून. आतल्या खोलीतून, दोन भिंतींपलीकडून येणाऱ्या या ओळी एकेक करून येऊ द्या.